एका कॅबिनेटमध्ये तीन जुने कन्सोल: नवख्यांसाठी बांधणी, पायरीपायरीनं

जुने कन्सोल बिघडून बंद पडतात त्यापेक्षा जास्त कंटाळ्यानं बंद पडतात. तीन कन्सोल म्हणजे तीन अडॅप्टर, एव्ही वायरींचा गुंता आणि गेम बदलताना दर वेळी टीव्हीच्या मागे घालावा लागणारा हात. काही महिन्यांतच चांगले चालणारे कन्सोल माळ्यावर जाऊन बसतात. त्यावर साधा उपाय म्हणजे तिघांसाठी एकच कॅबिनेट बांधायचं. भिंतीकडे एक प्लग जाईल, टीव्हीकडे एक एव्ही वायर जाईल आणि पुढून फक्त कॅसेट, डिस्क आणि खेळायचे रिमोट (कंट्रोलर) हाताळायचे राहतील. सोल्डरिंग गन धरता येत असेल आणि मल्टिमीटर वापरायची तयारी असेल, तर हे काम घरी नक्की होतं.

सगळ्यात आधी एक नियम. कापायचं ते कॅबिनेट, कन्सोल नाही. कन्सोलचं प्लास्टिक काढून नुसते बोर्ड एका डब्यात बसवायचा मोह होतो, कारण जागा वाचते. पण कॅसेट दाबून बसवताना जो जोर पडतो तो बाहेरचा सांगाडा पेलतो. सांगाडा गेला की तो सगळा जोर बोर्डावरच्या सोल्डरच्या टाक्यांवर येतो आणि कॅसेटच्या सॉकेटचे टाके हळूहळू तडकतात. शिवाय तीस वर्षांपूर्वीची बॉडी एकदा कापली की परत मिळत नाही. म्हणून इथे सांगितलेली प्रत्येक जोडणी उलट करता येण्यासारखी आहे. उद्या कन्सोल बाहेर काढला, तर तो मूळच्या अडॅप्टरवर जसाच्या तसा चालला पाहिजे.

कोणते तीन निवडायचे

पहिल्या बांधणीसाठी मी हे तीन सुचवतो.

पहिला म्हणजे आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी पोचलेला ६० पिनांच्या कॅसेटचा टीव्ही गेम. निन्टेन्डोनं १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमच्या धर्तीवर बनलेला. अमेरिकन एनईएसच्या (फॅमिकॉमच्या तिकडच्या रूपाच्या) कॅसेटला ७२ पिना असतात, त्यामुळे ती यात बसत नाही.

दुसरा सेगा मेगा ड्राइव्ह २. मेगा ड्राइव्ह १९८८ साली आला आणि हे त्याचं नंतरचं छोटं मॉडेल. पहिलं मॉडेल असेल तरी चालेल, पण पॉवरचा भाग नीट वाचा. तिथे दोघांत मोठा फरक आहे.

तिसरा प्लेस्टेशन २ स्लिम, २००४ सालचा. यावर प्लेस्टेशन १ च्या डिस्कही चालतात. त्यामुळे घरात दोन्ही असले तरी कॅबिनेटमध्ये प्लेस्टेशन १ घालायची गरज नाही. खालचं लेबल मात्र बघा. एससीपीएच-७०००० मॉडेलला ८.५ व्होल्टचा बाहेरचा अडॅप्टर लागतो, तर एससीपीएच-९०००० मालिकेत पॉवर सप्लाय आतच असतो आणि थेट २३० व्होल्टची वायर लागते.

कन्सोल जपान किंवा अमेरिकेतून आला असेल, तर त्याचा अडॅप्टर अनुक्रमे १०० आणि १२० व्होल्टचा असण्याची शक्यता फार. लेबलवर १०० ते २४० असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर तो आपल्या प्लगमध्ये लावायचा नाही.

कॅबिनेटचा विचार करण्याआधी तिन्ही कन्सोल वेगवेगळे, त्यांच्या मूळ अडॅप्टरवर, अर्धा तास चालवून बघा. कॅसेटचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबडनं पुसा. तोंडानं फुंकर मारायची सवय सोडा, त्यातली ओल धातूच्या पट्ट्यांवर काळा थर आणते. आधीपासून असलेला दोष कॅबिनेटमध्ये गेल्यावर शोधणं फार अवघड जातं. तिथे एकाच तक्रारीमागे पाच संशयित असतात.

सामान कुठे मिळेल

पुण्यात मेट्रोनं मंडई स्टेशनला उतरलात की दोन महत्त्वाच्या जागा चालण्याच्या अंतरावर आहेत. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत अडॅप्टर, व्होल्टेज कमी करणारी मॉड्यूल, काचेचे फ्यूज आणि त्यांचे होल्डर, आरसीए (म्हणजे एव्ही वायरींच्या) पिना, कपॅसिटर, छोटे पंखे आणि एव्ही सिलेक्टर असं सगळं मिळतं. दुकानात नुसतं "काका, एक मॉड्यूल द्या" म्हणू नका. "बारा व्होल्ट आत, नऊ व्होल्ट बाहेर, एक अँपियर सलग चालायला हवं" असं सांगा. लोड सांगितला की समोरचा माणूस योग्य वस्तू काढून देतो आणि बहुतेकदा त्यासोबत लागणाऱ्या दोन गोष्टी स्वतःहून आठवण करून देतो. ड्रॉवरचे चॅनेल, स्क्रू, मॅग्नेट कॅचर आणि जाळी यांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. प्लायवूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून घ्या आणि मापाची चिठ्ठी देऊन तिथेच कापून घ्या. घरी करवतीनं सरळ कापणं नवख्याला जमत नाही आणि ड्रॉवरला दोन मिलिमीटरची चूकही चालत नाही. जुना ट्यूबवाला टीव्ही किंवा जास्तीचे रिमोट हवे असतील, तर बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहेच.

मापं आणि सांगाडा

या तिन्ही कन्सोलमध्ये एक अडचण सारखीच आहे. कॅसेट असो की डिस्क, सगळं वरूनच घालावं लागतं. म्हणजे एकावर एक रचून चालत नाही आणि शेजारी शेजारी मांडले तर टीव्ही युनिट पुरत नाही. उत्तर म्हणजे ड्रॉवर. प्रत्येक कन्सोल एका ट्रेवर बसतो, ट्रे बाहेर ओढायचा, कॅसेट लावायची, परत आत ढकलायचा. तिघांचेही रिमोटचे पोर्ट पुढच्या बाजूला असतात (टीव्ही गेमचं एकदा तपासून घ्या), त्यामुळे पोर्टसाठी वेगळ्या वायरी ओढाव्या लागत नाहीत. कॅबिनेटला पुढे दार लावू नका.

चॅनेल बॉल बेअरिंगचे, पूर्ण बाहेर येणारे घ्या. साधे रोलरचे चॅनेल तीन चतुर्थांशच बाहेर येतात आणि मग प्लेस्टेशनचं झाकण वरच्या फळीला अडतं. या चॅनेलची जाडी दोन्ही बाजूंना साधारण १.३ सेंमी धरा. म्हणजे कॅबिनेटची आतली रुंदी ३० सेंमी असेल, तर ट्रेची बाहेरची रुंदी २७.४ सेंमी. प्लेस्टेशन २ स्लिम २३ सेंमी रुंद आहे आणि मेगा ड्राइव्ह २ साधारण २२ सेंमी, त्यामुळे दोन्ही आरामात बसतात. चॅनेल १२ इंची, म्हणजे ३० सेंमीचे. त्यांच्या मागे १२ सेंमीचा कप्पा अडॅप्टर आणि वायरींसाठी सोडा.

दोन ट्रेमधली उंची कन्सोलवरून नाही, तर कॅसेट लावलेल्या कन्सोलवरून मोजायची, कारण ट्रे आत ढकलताना कॅसेट वर उभीच असते. तुमच्याकडची सर्वांत उंच कॅसेट लावून मोजा आणि वर तीन सेंमी हवेसाठी सोडा. प्लेस्टेशन फक्त २.८ सेंमी जाड आहे, पण त्यालाही वर मोकळी जागा हवी, कारण तिघांत सर्वांत जास्त तोच तापतो. म्हणून त्याला सगळ्यात वरचा कप्पा द्या.

सांगाड्याला १२ मिमीचा प्लायवूड वापरा. एमडीएफ स्वस्त पडतो, पण पावसाळ्यात कडा फुगतात आणि ट्रे अडकायला लागतात. कन्सोल ट्रेला चिकटवू नका. चारी बाजूंना प्लायच्या बारीक पट्ट्या आणि वरून एक वेल्क्रोचा पट्टा एवढं पुरतं. कन्सोलच्या खालची आणि बाजूची हवेची भोकं पट्ट्यांखाली झाकली जाणार नाहीत हे बघा. प्रत्येक ट्रेच्या मागे मॅग्नेट कॅचर लावा. डिस्क फिरत असताना प्लेस्टेशनचा ट्रे हलला, तर डिस्कवर गोल चरा पडतो आणि तो निघत नाही.

पॉवर: सावकाश वाचायचा भाग

नवख्यांनी २३० व्होल्टचं वायरिंग स्वतः करू नये. उघडा एसएमपीएस (बाहेरचं आवरण नसलेला पॉवर सप्लाय) लाकडी डब्यात बसवू नका. मागच्या कप्प्यात आयएसआय मार्कचा एक तयार एक्स्टेन्शन बोर्ड स्क्रूनं पक्का करा, त्यावर दोनच बंदिस्त अडॅप्टर लावा. एक प्लेस्टेशनचा स्वतःचा, दुसरा, बाकीच्या दोघांसाठी, १२ व्होल्ट ३ अँपियरचा. बोर्डाची वायर भिंतीकडे जाईल. २३० व्होल्टचा संबंध तिथे संपला.

प्लेस्टेशन वेगळा का ठेवायचा? त्याच्या अडॅप्टरवर ८.५ व्होल्ट, ५.६५ अँपियर असं लिहिलेलं असतं. एवढा करंट छोट्या मॉड्यूलला झेपत नाही आणि मॉड्यूल बिघडून १२ व्होल्ट तसेच पुढे गेले, तर नुकसान मोठं होईल. टीव्ही गेम आणि मेगा ड्राइव्ह यांच्या पोटात मात्र ७८०५ नावाचा रेग्युलेटर असतो. तो आलेल्या व्होल्टेजमधून ५ व्होल्ट घेतो आणि उरलेलं उष्णता म्हणून सोडतो. त्याला चुकून १२ व्होल्ट मिळाले, तरी तो जास्त तापेल, लगेच जळणार नाही.

मग थेट १२ व्होल्टच का देऊ नयेत? हिशेब करून बघा. मेगा ड्राइव्ह २ चा मूळ अडॅप्टर १० व्होल्ट, ०.८५ अँपियरचा आहे. तेवढा करंट धरला तर १२ व्होल्टवर रेग्युलेटरमध्ये (१२ वजा ५) गुणिले ०.८५, म्हणजे जवळपास ६ वॅट उष्णता होते. ९ व्होल्टवर तीच ३.४ वॅट. बंद कॅबिनेटमध्ये हा फरक फार मोठा आहे. ७८०५ ला काम करायला साधारण ७ व्होल्ट लागतात, त्यामुळे ९ व्होल्ट सुरक्षितपणे पुरतात.

त्यासाठी एलएम २५९६ चिपची दोन मॉड्यूल घ्या, एकेका कन्सोलला एक. चिपवर ३ अँपियर लिहिलेलं असलं, तरी पंख्याशिवाय दोनच्या आतच वापरा. मॉड्यूलवर व्होल्टेज कमीजास्त करणारा निळा चौकोनी प्रीसेट असतो आणि त्याच्या डोक्यावर पितळी स्क्रू. कन्सोल न जोडता आत १२ व्होल्ट द्या, बाहेरच्या टोकांना मल्टिमीटर लावा आणि स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवत राहा. सुरुवातीचे बरेच फेरे आकडा हलत नाही. त्याचा अर्थ मॉड्यूल खराब आहे असा नाही, फिरवत राहा. मग तो अचानक उतरायला लागतो, तेव्हा हात सावकाश करा आणि ९.० ला थांबा. स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका, म्हणजे धक्क्यानं तो हलणार नाही. प्रत्येक मॉड्यूलच्या आधी, १२ व्होल्टच्या बाजूला, दीड अँपियरचा काचेचा फ्यूज आणि एक स्विच. ज्याचा खेळ चालू आहे त्याचाच स्विच चालू ठेवायचा.

आता पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋणाची दिशा. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला पिनेच्या मध्यभागी ऋण लागतं, दुसऱ्याला मध्यभागी धन. दुसऱ्याची पिन पिवळ्या टोकाची, वेगळ्या मापाची असते. टीव्ही गेममध्ये तर कंपनीगणिक फरक. लेबलवर विश्वास ठेवण्यापेक्षा तपासा. कन्सोल उघडून ७८०५ शोधा. तीन पायांचा, पाठीला धातूची पट्टी असलेला. मधला पाय आणि ती पट्टी म्हणजे ग्राउंड. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक पट्टीला, दुसरं पॉवर जॅकच्या बाहेरच्या स्प्रिंगला. बीप वाजली तर बाहेरची बाजू ऋण, म्हणजे मध्यभागी धन. स्प्रिंगला न वाजता मधल्या पिनेला वाजली तर उलट. दोन्हीकडे वाजली नाही आणि जॅकच्या जवळ चार डायोड दिसले, तर दिशेचा प्रश्नच नाही, कशीही जोडा.

एक धोका फक्त एकत्र जोडतानाच येतो. दोन्ही मॉड्यूलचं ऋण आतून एकच असतं. मध्यभागी ऋण असलेल्या पिनेची बाहेरची धातूची नळी धन असते. ती नळी शेजारच्या कन्सोलच्या एव्ही सॉकेटच्या धातूला टेकली की थेट शॉर्ट. वेगवेगळे अडॅप्टर असताना हे होत नव्हतं, आता होईल. म्हणून पिनेच्या मागचा भाग हीट श्रिंकनं (गरम केल्यावर आवळणाऱ्या प्लास्टिकच्या नळीनं) पूर्ण झाका आणि प्रत्येक पिनेवर कन्सोलचं नाव लिहा.

चित्र आणि आवाज

तिन्ही कन्सोलच्या पिवळ्या वायरी वाय कनेक्टरनं एकत्र बांधून टीव्हीला देऊ नका. प्रत्येक आउटपुटची अपेक्षा समोर ७५ ओहम असण्याची असते. बंद असलेला कन्सोलही वायरीवर भार टाकतो आणि चालू असलेल्याचं चित्र अंधुक होतं, कधी सावल्या दिसतात. त्यासाठी बटणं दाबून बदलणारा साधा यांत्रिक एव्ही सिलेक्टर घ्या आणि तो कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला बसवा. टीव्ही गेमला आवाजाची एकच पांढरी वायर असते. तिच्यासाठी वाय कनेक्टर वापरून डावा आणि उजवा दोन्ही द्या, आवाजाचं एक आउटपुट दोन ठिकाणी दिलं तर चालतं. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलच्या मागच्या सॉकेटातून मोनोच आवाज मिळतो. स्टिरिओ पुढच्या हेडफोनच्या भोकातून घ्यावा लागतो.

ट्रे हलणार, म्हणजे वायरीही हलणार. प्रत्येक वायरीला ट्रेच्या प्रवासापेक्षा किमान २५ सेंमी जास्त लांबी द्या. तिचं एक टोक मागच्या फळीला आणि दुसरं ट्रेच्या मागच्या काठाला क्लिपनं पक्कं करा, म्हणजे वाक मध्ये पडेल, पिनेच्या तोंडाशी नाही. वायरी पिनेच्या तोंडाशीच तुटतात.

चित्रात तिरक्या बारीक रेषा दिसल्या, तर त्या बहुधा मॉड्यूलच्या १५० किलोहर्ट्झच्या स्विचिंगच्या असतात. मॉड्यूलच्या आउटपुटवर १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर लावा, दिशा सांभाळून, आणि व्हिडिओची वायर पॉवरच्या वायरीपासून लांब न्या. जाड पट्टे वरखाली सरकत असतील, तर प्लेस्टेशनचा अडॅप्टर काढून बघा. दोन अडॅप्टर सिलेक्टरच्या ग्राउंडमधून जोडले गेल्याचा तो परिणाम असू शकतो.

टीव्हीबद्दल माझं मत ठाम आहे. जागा असेल तर ट्यूबवाला ठेवा. हे कन्सोल त्याच पडद्यासाठी बनले होते आणि टीव्ही गेमची बंदूक तर दुसऱ्या कशावर चालतच नाही. नव्या एलईडी टीव्हींपैकी बरेच टीव्ही या कन्सोलचं सिग्नल चुकीचं ओळखतात, चित्र फाटल्यासारखं दिसतं आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते. स्वस्तातला एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टर यात फारसा फरक करत नाही. रेट्रोटिंक किंवा ओएसएससी यांसारखी खास याच कामासाठी बनलेली साधनं करतात. काही टीव्हींमध्ये एव्हीसाठी हेडफोनसारखं एकच भोक असतं. त्याच्या वायरीतला पिनांचा क्रम कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून त्या टीव्हीसोबत आलेलीच वायर वापरा. जपानी कन्सोल एनटीएससी पद्धतीचा सिग्नल देतो, आपल्याकडची पद्धत पाल (PAL). फक्त पाल सिग्नल समजणाऱ्या जुन्या टीव्हीवर तो काळापांढरा दिसेल.

हवा, धूळ आणि पाली

८० मिमीचा १२ व्होल्टचा पंखा मागच्या फळीवर वरच्या बाजूला, हवा बाहेर टाकेल असा लावा. त्याला मॉड्यूलचे ९ व्होल्ट द्या, आवाज बराच कमी होतो आणि हवा पुरते. हवा आत येण्यासाठी खालच्या बाजूला भोकं पाडा. प्लेस्टेशनचा स्वतःचा पंखा कुठून हवा फेकतो हे टिश्यू पेपरचा तुकडा धरून शोधा आणि त्याच्या समोर फळी येऊ देऊ नका. प्रत्येक भोकाला बारीक ॲल्युमिनियमची जाळी हवीच. उबदार, अंधारी जागा झुरळांना आणि पालींना फार आवडते आणि बोर्डावर त्यांची घाण पडली की संपर्क गंजतात.

पहिल्यांदा चालू करताना

कन्सोल न जोडता सगळं चालू करा. प्रत्येक पिनेवर मल्टिमीटरनं व्होल्टेज आणि दिशा दोन्ही तपासा. मग एकच कन्सोल जोडा, दहा मिनिटं चालवा, मॉड्यूलला बोट लावून बघा. कोमट लागेल, चटका बसता कामा नये. तो ठीक असेल तरच दुसरा. सगळे जोडून झाले की सर्वांत तापणारा गेम लावून एक तास सलग खेळा आणि त्या वेळात मागच्या कप्प्यात दोनदा हात घालून बघा.

रिमोटच्या बाबतीत घरच्यांना आधीच सांगून ठेवा. टीव्ही गेम आणि मेगा ड्राइव्ह दोघांचे प्लग बहुतेक वेळा ९ पिनांचे, अगदी एकमेकांत बसणारे असतात, पण आतलं वायरिंग पूर्ण वेगळं असतं. चुकीच्या पोर्टात लावलं तर रिमोट किंवा कन्सोल जळू शकतो. लहान मुलं खेळणार असतील तर हे नक्की घडणार असं धरा. एका जोडीच्या प्लगला आणि पोर्टाला लाल टेप, दुसऱ्या जोडीला निळी.

कोणत्या फ्यूजमागे कोणता कन्सोल, कोणत्या पिनेत मध्यभागी काय, मॉड्यूल किती व्होल्टवर लावलेत, हे एका कागदावर लिहून मागच्या फळीच्या आतून चिकटवा. दोन वर्षांनी तुम्हालाच लागेल.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तिन्ही कन्सोल अर्धा अर्धा तास चालवा. आतली उष्णता ओल घालवते. ट्रेच्या कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि डिस्क कॅबिनेटमध्ये न ठेवता कोरड्या कपाटात ठेवा, नाहीतर त्यांच्यावर बुरशीचे डाग येतात. मेगा ड्राइव्हच्या ज्या कॅसेटमध्ये गेम सेव्ह होतो त्यातल्या बहुतेकींत नाण्यासारखा सेल असतो. अशा कॅसेटमध्ये सेव्ह टिकत नसेल तर दोष बहुधा तुमच्या वायरिंगचा नाही, सेल संपलाय. तो टॅग (सोल्डर करायच्या धातूच्या पट्ट्या) लावलेला असतो, म्हणून बदलताना नवा सेलही टॅगवालाच घ्या. सेलवर थेट सोल्डरिंग गन टेकवू नका, तो फुटू शकतो.